सलाईनचा गट : चरबीतल्या मूलपेशी आणि उंदरांच्या यकृताचं एक प्रकरण

प्रस्तावात तसं नवीन काही नव्हतं. पांढऱ्या विस्टार उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृतात फायब्रोसिस (व्रणासारख्या चिवट धाग्यांची वाढ) घडवायचा, दुसऱ्या उंदरांच्या जांघेतल्या चरबीतून मूलपेशी काढून वाढवायच्या, त्या शेपटीच्या शिरेतून सोडायच्या आणि चार आठवड्यांनी यकृत काढून पाहायचं. या धर्तीचे शोधनिबंध जगभरातून निघालेत, आपल्याकडूनही. तरी हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण प्रयोगाचा सगळा निष्कर्ष एका गटावर टांगलेला होता आणि तो गट मूळ प्रस्तावात नव्हताच.

संस्था परळमधली, नाव देत नाही. हा भाग प्राण्यांवरच्या कामाला नवखा नाही. १८८६ पासून इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. मी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीवर पॅथॉलॉजिस्ट म्हणून बसतो आणि तिथल्या काही प्रयोगांच्या स्लाईड्सही वाचून देतो. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असावीत का, हा वाद रास्त आहे. पण उंदराचं यकृत वाचणारी माणसं मुंबईत शोधावी लागतात.

चरबीच का

चरबी विकरानं (एन्झाइमनं) विरघळवून तिच्यातल्या पेशी सुट्या करायची पद्धत मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये दिली. त्यांना हव्या होत्या वर तरंगणाऱ्या मेदपेशी. तळाशी बसणाऱ्या गाळाला भाव यायला पुढे बराच काळ गेला. २००१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमध्ये काढून टाकलेल्या चरबीतून अशा पेशी वेगळ्या केल्या, ज्या योग्य खुराक दिला तर हाड, कूर्चा, मेद यांच्या दिशेनं वळत होत्या. तोवर अशा पेशींसाठी अस्थिमज्जेचाच आधार होता, आणि मज्जेत त्या लाखात एक ते दहा एवढ्याच सापडतात. चरबीत त्यांचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त. शिवाय चरबी द्यायला माणूस आनंदानं तयार होतो, मज्जा द्यायला होत नाही.

प्रस्ताव एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा होता. तिच्या गाईडना चरबीच्या पेशींचा अनुभव होता, यकृताचा बेताचाच. पुढच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे आहे.

बैठक

आपल्याकडे प्राण्यांवरचा प्रयोग १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८च्या नियमांखाली येतो. संस्थेची समिती फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, वाचते आणि किती प्राणी, कशासाठी, वेदना किती, शेवट कसा, हे सगळं विचारते. समितीवर शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्रीय समितीनं नेमलेले बाहेरचे सदस्य असतात. त्यांच्यातच समाजाच्या बाजूनं बोलणारी, विज्ञानाबाहेरची एक व्यक्ती असते. आमच्याकडे त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या फॉर्म आधी शेवटच्या पानापासून वाचतात, कारण मारण्याची पद्धत तिथे असते.

मूळ आराखड्यात तीन गट होते. पहिला निरोगी उंदरांचा. दुसऱ्याला आठ आठवडे कार्बन टेट्राक्लोराइड द्यायचं आणि आठव्या आठवड्याला यकृत काढायचं. तिसऱ्यालाही तेवढंच द्यायचं, मग ते थांबवून पेशी द्यायच्या आणि बाराव्या आठवड्याला यकृत काढायचं. प्रत्येक गटात सहा उंदीर. ('गटात सहा' ही आपल्याकडे रूढीच होऊन बसली आहे. सहाच का, असं विचारलं की बहुतेक जण मागच्या शोधनिबंधाकडे बोट दाखवतात.)

आता कार्बन टेट्राक्लोराइड काय करतं ते पाहू. यकृतातलं सीवायपी २ई१ हे विकर त्याचे तुकडे करतं, त्यातून ट्रायक्लोरोमिथाइल हा मुक्त मूलक बनतो आणि तो पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांवर तुटून पडतो. हे विकर मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशींत जास्त असतं, म्हणून आधी तिथल्या पेशी मरतात. आठवड्यातून दोनदा हाच मार बसत राहिला की यकृतातल्या सुप्त स्टेलेट पेशी जाग्या होतात आणि कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रथिन, विणायला लागतात. सहा-आठ आठवड्यांत एका मध्यवर्ती शिरेपासून दुसरीपर्यंत कोलॅजनचे पडदे उभे राहतात. माणसात ज्याला वीस-तीस वर्षं लागतात ते इथे दोन महिन्यांत दिसतं, म्हणून हे मॉडेल लोकप्रिय.

मात्र विष थांबलं की उंदराचं यकृत स्वतःच सावरायला लागतं. एएलटी, एएसटी ही यकृतपेशी मेल्या की रक्तात वाढणारी विकरं काही दिवसांतच उतरतात. कोलॅजन विणणाऱ्या बऱ्याच पेशी मरतात किंवा शांत होतात, मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी कोलॅजन कुरतडणारी विकरं सोडतात आणि पडदे आठवड्यागणिक झिजतात. म्हणजे मूळ आराखड्यात आठव्या आठवड्याचं आजारी यकृत आणि बाराव्या आठवड्याचं पेशी दिलेलं यकृत शेजारी ठेवलं की फरक दिसणारच होता. पेशींच्या जागी मिठाचं पाणी टोचलं असतं तरी दिसला असता.

मी चौथा गट मागितला : आठ आठवडे विष, मग थांबवायचं, शेपटीतून नुसतं सलाईन आणि बाराव्या आठवड्यालाच यकृत. गाईड म्हणाले, तो गट पहिल्या मसुद्यात होता, प्राणी कमी करायचे म्हणून काढला. त्यांचं म्हणणं लबाडीचं नव्हतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांत प्राण्यांची संख्या घटवणं हे एक आहेच, आणि समित्या त्यावर बोट ठेवतात. आमच्याच समितीनं आधीच्या दोन-तीन प्रस्तावांत प्राणी कमी करायला लावले होते.

मुख्याध्यापिका बाईंचा आक्षेप थेट होता. "मिठाच्या पाण्यासाठी सहा जीव? त्यांचा औषधाशी काहीच संबंध नाही."

मी म्हटलं, "ते सहा नसतील तर बाकीचे अठरा फुकट जातील."

त्यांना ते पटलं असं म्हणता येणार नाही. निरोगी उंदरांचा गट कमी करता येईल का, असं त्यांनी विचारलं आणि तो प्रश्न चांगला होता. निरोगी यकृताच्या स्लाईड्स संस्थेकडे होत्या, पण त्या वेगळ्या वयाच्या, वेगळ्या खुराकावरच्या उंदरांच्या. शेवटी निरोगी गट लहान केला, सलाईनचा गट घेतला आणि मी आणखी एक गट सुचवला : पेशी ज्या द्रावात वाढल्या तो द्राव फक्त, पेशी गाळून. बाईंनी आपलं मत नोंदवून मंजुरीवर सही केली.

पेशी काढण्याचं काम

हे काम मी जवळून पाहिलं. दाता उंदीर नर घेतले होते आणि पेशी घेणारे सगळे मादी. तसं केल्यानं पुढे वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकावरून दिलेल्या पेशी कुठे गेल्या ते शोधता येतं.

जांघेतली चरबी काढून ती प्रतिजैविक घातलेल्या बफरमध्ये तीन-चारदा धुतात, कात्रीनं लगदा होईपर्यंत बारीक करतात आणि कोलॅजिनेजमध्ये ३७ अंशांवर हलवत ठेवतात. पाऊण तासात गुठळ्या सुटतात. सेंट्रिफ्यूज केलं की पिवळट तेलकट थर वर, लालसर गाळ खाली. वरचा थर फेकायचा. गाळातल्या लाल पेशी फोडून बाकीचं फ्लास्कमध्ये पेरायचं आणि एक-दोन दिवसांनी न चिकटलेलं सगळं धुऊन टाकायचं. तळाला चिकटून राहतात त्या लांबट, चातीसारख्या पेशी. दोन-तीन वेळा पसरवून वाढवल्या की टोचण्याजोग्या होतात.

त्या खरंच मूलपेशी आहेत का, याचे निकष पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ मध्ये ठरवून दिले. पेशी प्लॅस्टिकला चिकटायला हव्यात, पृष्ठभागावर ठरावीक खुणा हव्यात आणि ठरावीक नकोत, आणि हाड, मेद, कूर्चा या तिन्ही वाटांनी जायला हव्यात. विद्यार्थिनीनं तिन्ही रंग करून दाखवले. ऑइल रेड ओ लावल्यावर मेदाचे थेंब लालभडक दिसले, अलिझरिनवर चुन्याचे साठे. कूर्चेचा रंग फिका आला होता, तो तिनं पुन्हा केला. या बाबतीत गाईडची शिस्त कडक होती.

मधे पावसानं एक घोळ घातला. जुलैतल्या एका गुरुवारी हिंदमाताला पाणी भरलं, लोकल थांबल्या आणि कार्बन टेट्राक्लोराइडचा डोस देणारं कुणी पोचलं नाही. प्राणिगृहात मुक्कामी राहिलेल्या मामांनी सगळ्यांना खाणंपाणी घातलं, जनरेटर चालू आहे ना ते पाहिलं आणि खोलीचं तापमान दर दोन तासांनी वहीत लिहिलं. डोस सगळ्याच गटांचा चुकला, त्यामुळे तुलना बिघडली नाही. पण ती नोंद मूळ वहीत राहिली आणि पुढे प्रबंधातही गेली. असे डोस किती ठिकाणी चुकतात आणि किती ठिकाणी लिहिले जातात, यावर मी पैज लावणार नाही.

टोचण्याचा दिवस

प्रत्येक उंदराला वीस लाख पेशी. उंदीर पाव किलोचा, म्हणजे किलोमागे ऐंशी लाख. साठ किलोच्या माणसाला याच हिशेबानं द्यायचं तर अठ्ठेचाळीस कोटी पेशी लागतील. पुढे फोनवर एका गृहस्थांशी बोलताना हा आकडा कामी आला.

सकाळी पेशी फ्लास्कमधून सोडवून, मोजून बर्फावर ठेवल्या होत्या. शेपटी कोमट पाण्यात धरायची म्हणजे शीर फुगते, मग बारीक सुई. पहिले उंदीर व्यवस्थित झाले. नंतर एका उंदराची शीर सापडेना, त्यात वेळ गेला. पुढच्या मादीला पेशी सोडल्या आणि सुई काढेपर्यंत ती मान ताणून श्वास घ्यायला लागली. नाक निळसर पडलं. मामांनी तिला तळहातावर आडवं धरलं, विद्यार्थिनीनं ऑक्सिजनची नळी लावली. दोन-तीन मिनिटांत संपलं.

लगेच शवविच्छेदन केलं. फुप्फुसाच्या छेदात बारीक धमन्यांमध्ये पेशींचे पुंजके अडकले होते, त्यांच्याभोवती फायब्रिन, म्हणजे रक्त गोठतानाचे धागे. बर्फावर स्थिर ठेवलेल्या पेशी तळाशी बसतात आणि एकमेकींना चिकटतात. शिवाय या पेशींच्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर असतो, तो रक्त गोठवायला लावतो. उरलेल्या पेशी पुन्हा ढवळून बारीक जाळीतून गाळल्या, पुन्हा मोजल्या आणि अगदी सावकाश दिल्या. बाकी उंदीर वाचले. हा मृत्यू समितीला त्याच आठवड्यात कळवला गेला.

पुंजके नसते तरी बहुतेक पेशी फुप्फुसातच थांबल्या असत्या. वाढवलेली पेशी पंधरा-वीस मायक्रॉनची, फुप्फुसाची केशवाहिनी तिच्या निम्म्याएवढी. शेपटीच्या शिरेतून निघालेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूनं आधी फुप्फुसात जातं, यकृताची पाळी नंतर येते. एसआरवायच्या चाचणीनं हेच दाखवलं. दुसऱ्या दिवसासाठी राखलेल्या उंदरांमध्ये नर पेशींचा डीएनए फुप्फुसात ठळक, यकृतात जेमतेम. बाराव्या आठवड्याला यकृतात काहीच हाती लागलं नाही.

स्लाईड्स

स्लाईड्स माझ्याकडे आल्या त्या नुसत्या आकडे घातलेल्या, गट झाकून. प्रत्येक यकृताचा एकाच खंडाचा तुकडा घ्यायचा हे आधी ठरलं होतं, कारण उंदराच्या यकृताचे खंड सारखे बिघडत नाहीत आणि सोयीचा खंड निवडायचा मोह भल्याभल्यांना होतो.

सिरियस रेड या रंगावर कोलॅजन लाल दिसतं, ध्रुवित प्रकाशात नारिंगी-हिरवं चमकतं. काही स्लाईड्सवर पडदे जाड, सलग, यकृताचे गोल गोल कप्पे पाडणारे. त्या आठव्या आठवड्याच्या असणार हे आकडा न उघडताही कळत होतं. उरलेल्यांनी मात्र गोंधळात टाकलं. त्या सगळ्यांत पडदे झिजलेले होते. कुठे धाग्याएवढे, कुठे मधेच तुटलेले, आणि तुटलेल्या फटीतून यकृतपेशी पलीकडे सरकलेल्या. मी त्यांचे दोन ढीग करायचा प्रयत्न केला. काही स्लाईड्स पुन्हा पुन्हा एका ढिगातून दुसऱ्यात गेल्या.

आकडे उघडल्यावर जे समोर आलं ते असं : सलाईनच्या गटातले पडदे बऱ्यापैकी विरघळले होते. पेशींच्या गटात ते आणखी थोडे पातळ होते. संगणकावर कोलॅजनचं क्षेत्रफळ मोजलं तेव्हाही कल तोच राहिला, पण दोन गटांचे उंदीर एकमेकांत मिसळत होते. एएलटीमध्ये फरक नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. ते विष थांबल्यावरच उतरलं होतं. पेशींशिवाय नुसता द्राव दिलेला गट पेशींच्या गटाला जवळजवळ लागून होता.

माझ्या मते हे अपयश नाही. सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच. या पेशी एचजीएफ, प्रोस्टाग्लँडिन ई२ यांसारखे रेणू सोडतात, मॅक्रोफेजचा कल बदलतात. त्यासाठी त्या यकृतात पोचायलाच हव्यात असंही नाही. २००९ मध्ये डार्विन प्रॉकप यांच्या गटानं हृदयविकाराचा झटका घडवलेल्या, आमच्या उंदरांपेक्षा लहान जातीच्या उंदरांत, म्हणजे माइसमध्ये, दाखवलं की मानवी पेशी फुप्फुसात अडकतात, तिथेच टीएसजी-६ नावाचं प्रथिन सोडतात आणि हृदयाची सूज उतरते. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव ज्यांनी १९९१ मध्ये रुजवलं ते अर्नोल्ड कॅप्लन स्वतःच पुढे म्हणायला लागले की या पेशी अवयव बांधत नाहीत, औषधी संकेत सोडतात.

शोधनिबंधाचा मसुदा आला तेव्हा त्यात 'पेशींमुळे यकृताचं पुनरुज्जीवन' असा दावा होता आणि आलेख निरोगी गट, आठवा आठवडा आणि पेशींचा गट एवढ्यांचाच. सलाईन आणि द्रावाचे गट पुरवणीत ढकलले होते. माझं आणि गाईडचं यावरून चांगलंच वाजलं. ते म्हणाले, नकारात्मक निकाल कुणी छापत नाही. हे खरं आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण समितीनं त्या सहा माद्यांना ज्या कारणासाठी मंजुरी दिली ते कारण पुरवणीत गाडलं, तर बाईंचा आक्षेपच बरोबर ठरला असता. विद्यार्थिनीनं पाचही गट एका आलेखात घातले. निबंध एका लहान नियतकालिकात गेला.

फोन

संस्थेत विज्ञान दिनाला पोस्टर लावतात. या प्रयोगाचं पोस्टरही लागलं होतं, आणि त्याचा फोटो फिरत फिरत डोंबिवलीच्या एका गृहस्थांपर्यंत पोचला. त्यांच्या वडिलांना सिरॉसिस, म्हणजे अशाच पडद्यांनी निबर झालेलं यकृत. शहरातल्या एका क्लिनिकनं पोटावरची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल शिरेतून द्यायचं सुचवलं होतं, खर्च काही लाखांत.

"डॉक्टर, बाबांच्या पोटावर चरबी चिकार आहे. तेवढी पुरेल ना?"

मी जनावरांचा डॉक्टर आहे हे आधी सांगितलं. मग विचारलं, हातपाय बारीक झालेत का. झाले होते. पोट कधीपासून फुगलंय? तीन-चार महिन्यांपासून. म्हटलं, ती चरबी नसणार, पाणी असेल. यकृताच्या डॉक्टरांना आजच दाखवा.

पुढे बरंच बोलणं झालं. आमच्या उंदरांचं विष आम्ही थांबवलं होतं, म्हणून त्यांची यकृतं सावरली. माणसात दारू, विषाणू किंवा चरबीचा यकृतविकार चालू असेल तर तो थांबवणं हाच पहिला उपचार, आणि वर्षानुवर्षं मुरलेले पडदे उंदराच्या दोन महिन्यांच्या पडद्यांसारखे सहज विरघळत नाहीत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी मूलपेशी फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पेशींचे पैसे घेत नाहीत. "पैसे मागितले की समजा तो ट्रायल नाही," एवढं त्यांनी लिहून घेतलं.

अमेरिकेत काय झालं तेही सांगितलं. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या आणि तिघींचीही दृष्टी गेल्यात जमा झाली. २०१७ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 'स्वतःचीच चरबी, मग धोका कसला' या वाक्याला तेवढं उत्तर पुरे. परवाना मिळालेलं चरबीच्या पेशींचं औषध नव्हतंच असं नाही. क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांतल्या भगंदरासाठी अलोफिसेल युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) सरस ठरलं नाही आणि २०२४ मध्ये युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. तिथेही निकाल लावला तो सलाईनसारख्याच एका गटानं.

अठ्ठेचाळीस कोटींचा आकडा मी शेवटी सांगितला. क्लिनिक सकाळी चरबी काढून दुपारी टोचणार होतं. एवढ्या पेशी तेवढ्या वेळात वाढत नाहीत, त्याला आठवडे लागतात आणि परवानगी लागते. मग त्या सिरिंजमध्ये नेमकं काय असणार, हे क्लिनिकला विचारा म्हटलं.

पुढचा प्रस्ताव

त्याच विभागाचा नवा फॉर्म बी आता समितीपुढे आहे. या वेळी सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधानं बिघडलेलं मूत्रपिंड. एका डोसनंतर उंदराचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात साठणारा पदार्थ) तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोचतं आणि जगला तर पुढे आपोआप उतरू लागतं, म्हणजे अडचण तीच. सलाईनचा गट या वेळी त्यांनी स्वतःहून पहिल्याच तक्त्यात घातला आहे आणि पेशी टोचण्याआधी गाळायच्या, हेही लिहिलं आहे.

वाद आता दोन गोष्टींवर आहे. पेशी सिस्प्लॅटिननंतर चोवीस तासांत द्यायच्या असं त्यांनी लिहिलंय. तेव्हा क्रिएटिनिन जेमतेम हललेलं असतं, त्यामुळे तो इलाज न होता बचाव होतो. मी तिसऱ्या दिवसाचाही गट मागितला आहे. दुसरी गोष्ट मुख्याध्यापिका बाईंनी काढली. सिस्प्लॅटिन कर्करोगाच्या रुग्णांना देतात, मग मूत्रपिंडाला सावरणारे हे संकेत गाठीलाही सावरणार नाहीत का? गाठ नसलेल्या निरोगी उंदरांवरून याचं उत्तर मिळणार नाही. गाठ असलेले उंदीर घ्यायचे तर प्राण्यांची संख्या वाढते, आणि बाईंना ते ठाऊक आहे. फॉर्म दुरुस्तीसाठी परत गेला आहे.